दुसरा भाग, एकोणचाळिसावा दिवस

श्रीव्हपोर्टच्या गोदामात पहाटे चार वाजता
गुलाबी कागदांवर नवे संवाद आले,
जुने पाठ व्हायच्या आत.

रस्को आणि डेलबर्ट एकमेकांशी बोलत नाहीत,
पहिल्या भागाच्या पैशांवरून.
म्हणून रस्को हसवतोय
काठीला टोचलेल्या टेनिसच्या चेंडूला,
आणि डेलबर्ट परवा, एकटाच, हसेल.

तिसरा दिग्दर्शक विचारतो, यात गंमत होती कुठं?
मी कंटिन्युइटीची वही उघडते:
टोपी डावीकडे कललेली, केक अर्धा खाल्लेला.
सगळं जुळतंय.

मग जनरेटरवाला ओडेल
दिवा विझवायला आला नि घसरला क्रीमवर,
आणि ते दोघं, दोन कोपऱ्यांतून,
एकाच वेळी फिस्सकन

कॅमेरा बंद होता.
वहीत मी नुसती वेळ लिहून ठेवली:
चार सत्तावन्न.