लोकाइचं सामान

वाटणीत फ्रीज चंद्रकलाबाईकडे गेला,
माझ्याकडे मिक्सर आला, आणि अर्धी भिंत.
दोन वर्षं झाली. त्या भिंतीवरून
मांजर तेवढं जातं-येतं.

मंगळवारच्या बाजारातून कस्टर्डचा डबा आणला.
मामाच्या लग्नात खाल्लं तेव्हापासून
नैतिक जेवताना त्याचंच नाव घेऊन राहिला.
डब्यावर लिहिलंय, थंड दुधात कालवा, मग उकळत्यात सोडा.
हात थांबला की दूध गंजाच्या बुडाला लागतं
हे काही लिहिणाऱ्यानं लिहिलं नाही.
पदर खोचून ढवळत राहिले,
घाम नाकावरून हनुवटीवर,
आणि दूध हळूहळू पिवळं, जड,
हळद लागलेल्या पोरीसारखं गुमान झालं.

निवल्यावर नदीच्या रेतीतलं डांगर टाकलं, दोन चिकू,
एक आंबा, ज्याची कोय नैतिकनं तिथंच चोखली.
केळी अगदी शेवटी, काळी पडतात म्हणून.
संत्रं होतं एक, सुरकुतलेलं, मागच्या बहाराचं.
ते नाही टाकलं.
आंबटाचं नि दुधाचं जमत नाही,
माहीत आहे मला.

आता गार कुठं करायचं?
माठाखालच्या ओल्या रेतीत गंज ठेवून पाहिला.
सेहेचाळीस डिग्री. रेतीच कोमट.
"काकूकडं नेऊ?"
नाही म्हटलं.
मग झाकण घट्ट लावलं, वरून फडकं बांधलं,
आणि मीच गंज भिंतीवर धरला.
पलीकडून दोन हात वर आले.
बांगड्या ओळखल्या. बोललं कोणी नाही.

अडीच वाजता लाइन गेली.
गावातले सारे कूलर एकदम मुके.
भिंतीपलीकडं चंद्रकलाबाई
आपल्या पोराइवर ओरडून राहिली होती,
"दार उघडू नका रे कोणी, पाण्यासाठीबी नाही!
आतमधी लोकाइचं सामान हाय."

लोकाइचं.
मी भांडी घासत बसले. घासलेलीच.

सहा वाजता गंज परत आला.
फडक्याची गाठ माझी नव्हती.
मधोमध एका चमच्याएवढा खड्डा,
वरून सारखा करून ठेवलेला,
जसं तिथं कोणी गेलंच नाही.
"साखर कमी हाय," भिंत बोलली.

काय म्हणणार? म्हटलं,
"फळं गोड होती, म्हून."
वाट्या मांडल्या. आमच्या तीन.
मग फळीवरून आणखी चार काढल्या,
नैतिकला म्हटलं, साखरेचा डबा आण बापू.

डांगराला पाणी सुटलं होतं,
सगळं कडेनं पचपचीत.
ते मात्र ती बोलली नाही.