प्रश्न सतरा, कारणांसह

महाशय,
तुमच्या सल्लापत्राचं पान एकशे बारा.
प्रश्न सतरा: घाऊक जोडणी लहान पुरवठादारांना
खुली करावी काय? कारणांसह.

करावी.

आता कारणं.
मी सर्वानंद रायकर, राहणार चोडण.
दोनशे चौदा घरं, एक शिडी, एक जुनी स्कूटर
आणि वीजखात्याच्या एकशे नव्वद खांबांचं भाडं,
जे मी वेळेवर भरतो.
कावळे भरत नाहीत. ते असो.

सकाळी आमच्याकडे पोदेर भोंपू वाजवत येतो.
समजा, भट्टीवाला त्याला पाव सातला देऊ लागला
आणि स्वतः दारोदार पाचला विकू लागला,
तर पोदेरानं विकायचं काय? भोंपू?
हे मी खोडलं होतं.
मुलगी म्हणाली, बाबा, दिल्लीला पाव नका सांगू, आकडे द्या.

तर आकडे.
गिऱ्हाइकाला त्यांचा दर महिना तीनशे नव्वद.
तेवढाच वेग मला घाऊक चारशे वीस.
वर खांब, वर शिडी, वर मी.

म्हणून नदीपलीकडून येणाऱ्या त्यांच्या केबलमधली
तंतूंची एक जोडी मागितली. भाड्यानं, रीतसर.
अकरा महिन्यांनी ओळ आली:
क्षमता उपलब्ध नाही.

महाशय, ती केबल मी जोडली आहे.
ठेकेदाराच्या ठेकेदाराचा माणूस म्हणून, रोजावर,
रायबंदरच्या धक्क्यामागे, ताडपत्रीखाली.
माझे वडील सोनार. फुंकणीनं ज्योत वाकवून
साखळीची कडी सांधायचे,
सांधा दिसला तर पुन्हा वितळवायचे.
मी केसाएवढी काच सांधतो, ठिणगीनं, श्वास धरून.
बारा तंतू होते:
निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी,
राखाडी, पांढरा, तांबडा, काळा,
पिवळा, जांभळा, गुलाबी,
आणि एक, ज्याच्या रंगाला आमच्यात नाव नाही,
भरती चढताना मानशीच्या दाराशी पाणी होतं तसा.

निळ्यात आणि नारिंगीत उजेड सोडला.
उरलेले दहा मी माझ्या हातानं वेटोळं करून
डबीत निजवले, झाकण लावलं, चार स्क्रू.
धंद्यात त्यांना काळोखे तंतू म्हणतात.
सात वर्षं मांडवीच्या तळाशी
एकही शब्द न नेता पडून आहेत.
'उपलब्ध नाही' याची व्याख्या
तुमच्या परिशिष्टात मला सापडली नाही.

फुकट नको. दर तुम्ही ठरवा,
फक्त कागदावर ठरवा, आणि सगळ्यांना दिसेल असा.

आणखी एक. याला कारण म्हणतात की नाही, माहीत नाही.
ज्योकिनाबायचा मुलगा तारवटी.
रात्री दोनला, जहाजाला सवड मिळेल तेव्हा, तो पडद्यावर येतो.
मागल्या शनिवारी त्याचा चेहरा मध्येच थिजला,
तोंड उघडं, काहीतरी सांगता सांगता.
तिनं मला फोन केला नाही.
पंधरा मिनिटं त्या उघड्या तोंडासमोर बसून राहिली.
सकाळी म्हणाली, तसाही तो कमीच बोलतो.
बिल भरलं, सुट्टे मोजून.
मी पैसे घेतले.

आज शेवटची तारीख.
दुपारी माझीच लाईन गेली. बिघाड वरचा, त्यांच्याकडचा,
तक्रार क्रमांक मिळाला आहे.
म्हणून हे त्यांच्याच मोबाईलवरून पाठवतो आहे,
धक्क्यावर उभं राहून, इथं रेंज बरी असते.
फेरीबोट लागते आहे. साखळ्या खडखडतात,
पलीकडची माणसं, दोन म्हशी, गॅसचा टेम्पो,
कोण कुठल्या गावचं, कोणी विचारत नाही.

प्रश्न अठराचं उत्तर देऊ शकत नाही, तो मला कळला नाही.
सतराबद्दल शंका असेल तर माणूस पाठवा.
डबी कुठं आहे ते दाखवतो.
चारही स्क्रू मी माझ्या हातानं आवळलेत.
झाकणाखाली दहा आहेत.