चार खणांची पेटी

मडगावच्या आग्नेलोने वहीचं मागचं पान उघडलं
आणि विचारलं, "खण किती हवेत?"
जणू मी पँट शिवायला आलोय
आणि हा खिशांचं विचारतोय.

म्हटलं, लग्नं आहेत. सहाशे चाळीस.
शिवाय काही मुंजी, क्रिस्मांव, दोन प्रचारसभा,
एका खाणमालकाच्या कुत्र्याचा वाढदिवस.
तासाला तेरा जीबी, असं त्यानं गुणलं.
मी अजून मांडवांतच मोजत होतो.

तन्वेशचं म्हणणं, मामा, दुकानातला जुना पीसी आहे ना,
त्यातच भागव.
त्यातच भागवत होतो.
गेल्या सप्टेंबरात पॉवर सप्लायमध्ये पाल शिरली.
निळा जाळ, एक फट्ट आवाज,
आणि कुडचड्याच्या अर्ध्या बाजाराला वास.
शंकेची पाल आधी चुकचुकते म्हणतात.
माझी चुकचुकलीच नाही,
सरळ मदरबोर्डापर्यंत गेली.

मग तन्वेशनं पत्त्याच्या पानाएवढा बोर्ड दाखवला:
हा घरातल्या तीन टीव्हींना एकदम सिनेमा दाखवतो.
घरात टीव्ही एक. तोही सुलक्षाच्या हातात.

आग्नेलो घाई करत नाही.
म्हणाला, प्रोसेसर गरीब चालेल,
पंखा मोठा घे, मोठा पंखा हळू फिरतो, कमी बोलतो.
डिस्क चार. चारांतल्या एकीएवढी जागा
तुला वापरता येणार नाही.
म्हटलं, फुकट?
"फुकट कशी? एक मेली
तर बाकीच्या तिघी मिळून सांगतात
तिच्यात काय होतं ते."
आणि रॅम घ्यायची तर ती,
जी आपल्या चुका आपणच दुरुस्त करते.
म्हटलं, माझ्या दुरुस्त करणारी एक घरी आहे,
सत्तावीस वर्षं.

तो हसला. मी त्याला टेप क्रमांक दोनशे बारा सांगितली नाही.

स्विंडनहून फोन आला होता, फिलूच्या मुलीचा.
लग्न नको होतं तिला.
फक्त तिचे पप्पा ग्लास उंच करून
दोन शब्द बोलतात, तेवढंच.
पप्पा बोटीवर होते. मग बोट आली, पप्पा आले नाहीत.
कॅसेट उघडली तर आत बुरशी,
सुक्या खोबऱ्यावर चढते तशी पांढरी.
तीनदा हेड पुसला.
चौकोन. चौकोन. मग एक हात,
ग्लास, कोटाची बाही,
आवाज नाही.
मी तिला म्हटलं, बाय, टेप सापडत नाही.

सत्तावीस वर्षांत गिऱ्हाइकाला उशीर सांगितला होता,
खोटं हे पहिलं.

"आणि एक," आग्नेलो बिल करताना म्हणाला,
"पेटी घेतली म्हणून निर्धास्त होऊ नकोस.
तू चुकून पुसलंस
तर चारही मिळून इमानदारीनं पुसतील.
दुसरी प्रत दुसऱ्या गावात ठेव."
म्हणून पाचवी डिस्क मेहुणीकडे बेळगावला,
कपाटात, शालूंच्या खाली, डांबरगोळ्यांपासून लांब.
तिला वाटतं, आम्ही काहीतरी सोनं ठेवलंय.
सुलक्षानं तिला दुरुस्त केलं नाही.

चारांसाठी एलआयसी मोडली. तो विषय वेगळा.

आता ती झोपायच्या खोलीत आहे, स्टुलावर,
यूपीएस खाली, शेजारी सुक्या मासळीच्या बरणीतून
काढलेल्या नव्हे, नव्या आणलेल्या
सिलिका जेलच्या पुड्या
(यावरून अर्धा तास वाद).
रात्री डिस्क चावतात काहीतरी बारीक,
घुशीसारखं नाही, कुणी पानाला सुपारी कातरतंय तसं.

पहिली फाइल कुठली टाकावी, यावर
तन्वेश म्हणाला, तुझ्याच लग्नाची टाक.
मी दोनशे बारा टाकली.
अकरा सेकंद. हात, ग्लास, बाही.
नाव देताना बोट अडलं,
फिलूच्या नवऱ्याचं नाव मला कधी माहीतच नव्हतं,
वहीत नुसतं "नवरा, कोट निळा" लिहिलंय.

उद्या फोन करून विचारतो.
तिकडे दुपार असेल तेव्हा.

वर ट्यूबलाइटमागे काहीतरी चुकचुकलं.
मागच्या झरोक्याला जाळी लावली आहे, बारीक.
उठून पुन्हा पाहिली.