चारशे बारा पावलं

मे महिन्यात खिंडसीचं घर दाखवायला नेऊ नये,
एवढं तरी अठरा वर्षांच्या दलालीत
मला कळायला हवं होतं.
पण हेडाऊ काकांना घाई होती
आणि रेवतकरांना हवी होती सवलत.
दोन्ही उन्हाळ्यातच पिकतात.

रेवतकर म्हणजे जानेवारीत कूलर घेणारा
आणि ऐन मेमध्ये रजया घेणारा माणूस.
मानसरच्या पुढे गाडीचा एसी दमला,
तसे ते खूश झाले. म्हणाले,
"मॅडम, शेहेचाळीस. अशातच घर पाहावं."

जाहिरात मीच लिहिली होती:
दोन खोल्या, न्हाणीघर, संत्र्याची सात झाडं,
ओसरीतून तलाव.

ओसरीतून तलाव दिसत नव्हता.
दिसत होता पापडीसारखा तडकलेला चिखल,
त्यात रुतलेली एक डोंगी,
आणि फार पुढे, जेवून उठलेल्याच्या ताटात
राहून जावं तेवढं पाणी.

"डिसेंबरात या नं जी," काका म्हणाले,
"पाणी पायरीले लागते."
"मग डिसेंबरचा भाव डिसेंबरात मागा,"
असं म्हणून रेवतकरांनी डोक्याला दुपट्टा बांधला
आणि फाटकापासून पाण्यापर्यंत
पावलं मोजत निघाले.

आम्ही बघत बसलो.
झनकलाल कोरड्या ताटीवर पाणी मारत होता,
ते जमिनीला लागायच्या आत उडत होतं.
काका काही बोलले नाहीत.
मी काही बोलले असते, पण मला दोन्हीकडून दोन टक्के.
दूरवर तो पांढरा दुपट्टा
वाकला, थांबला, पुन्हा सरळ झाला.

"चारशे बारा," आल्या आल्या ते म्हणाले.
"पावलामागे पाचशे तोडा."
दोन लाख सहा हजार.
माझे एका बाजूचे चार हजार एकशे वीस गेले,
हे मी आधी मोजलं, खोटं कशाला बोलू.

मग त्यांनी दुसऱ्या हातातली वस्तू पायरीवर ठेवली.
चिखलानं भरलेला स्टीलचा ग्लास.
"तुमच्या तलावात सापडला."

काकांनी तो धोतराच्या सोग्यानं पुसला.
अक्षरं वर आली, टिंबाटिंबांची:
कु. वृषाली हिच्या बारशानिमित्त, १९-२-९३.

"याच्यापायी मार खाल्ला जी पोरीनं.
डोंगीत नेला, अन् घरी येऊन म्हणे मले माहीत नाही."
मारणारं कोण, ते त्यांनी सांगितलं नाही.
माठातून त्यांनी ग्लास विसळला, भरला,
रेवतकरांपुढे धरला.
"गळत नाही," ते म्हणाले.
"घर?"
"ग्लास. घर गळते.
मांगच्या खोलीत, खिडकीच्या वर, ऑगस्टात.
आता दिसनार नाही तुमाले."

रेवतकर पाणी प्यायले, घटाघटा, थांबून पुन्हा.
खिशातली वही काढली,
काहीतरी लिहिलं.
मग बराच वेळ त्या लिहिलेल्याकडे बघून
त्यावर एक रेघ मारली.

रामटेकला दस्त झाला सोळा जूनला.
यादीत कूलर होता, पंप, सहा खुर्च्या, एक ताटी.
ग्लास नव्हता.
मी शेवटचा पाहिला तेव्हा तो माठावर पालथा होता
आणि काका गाडीत बसून
काच वर करत होते.

हल्ली जाहिरातीत मी तलावाच्या पुढे
महिना लिहिते.