दंड

ओहोटी लागली की पलीकडचं आरोग्य केंद्र
जवळ सरकल्यासारखं वाटतं.
चुन्याची भिंत, निळ्या पत्र्याची शेड,
शेडखाली खुर्च्या लांब लांब मांडलेल्या.
अलीकडे जेटीवर बसून मी डोकी मोजतो.
आज एकोणतीस.

तर अर्ध्या तासाने सुटते, भाडं दहा रुपये.
दहा रुपये आहेत माझ्याकडे.
पण पॅरोलच्या कागदावर तिसरी अट आहे:
ठाण्याची हद्द ओलांडायची नाही.
पलीकडे दुसरं ठाणं.
म्हणजे हद्द खाडीच्या मधोमध कुठेतरी जाते,
जिथे पोरवयात आजाच्या होडीतून
मी शेंगाळ्यासाठी गळ सोडायचो.
तेव्हा तिथे नुसतं पाणी होतं.

सोमवारी सही.
हवालदार खवणेकर रजिस्टर फिरवतात माझ्याकडे,
शाईचं बोट पुसायला कालचं वर्तमानपत्र.
त्यांचे दोन्ही डोस झालेत.
म्हणाले, अर्ज करा.
केला. अर्ज देवगडला गेला, देवगडहून ओरोसला,
ओरोसहून कळंब्याच्या जेलला,
कारण मी अजून त्यांचाच आहे,
गावाला पंचेचाळीस दिवस उसना दिलेला.

साठीच्या वरच्यांना सोडा, बराकीत गर्दी नको,
असा हुकूम आला म्हणून सुटलो.
मी निघालो त्याच्या चौथ्या दिवशी
जेलात लस पोचली.
लक्षुमण गांवकराने आतून फोन केला शेजारच्या दुकानावर:
"आमका सगळ्यांका टोचली रे.
तू भायर जावन काय केलंस?"
हसता हसता त्याला खोकला आला.
मग तीन मिनिटं संपली.

आधार कार्ड जेलच्या कपाटात,
घड्याळ आणि चपलांबरोबर.
ओटीपी मुलाच्या मोबाइलवर जाईल.
मुलगा विरारला असतो.
चार आकडे वाचून दाखवायचे, बाकी काही बोलायचं नाही,
असं मी दुकानदाराकडून कळवलं होतं.
बरं.

मग मंगळवारी बाबलाची दर्शना आली.
आशाताईची साडी, हातात यादी.
गडग्याच्या बाहेरच उभी राहिली.
हा तोच गडगा.
ह्याच्या हातभर जागेवरून
बाबल, माझा चुलतभाऊ, तिचा बाप,
आणि माझ्या हातात कोयती.
चौदा वर्षं झाली; चिऱ्यांवर शेवाळ आलंय
दोन्ही बाजूंनी सारखंच.

तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "वय?"
"एकाहत्तर."
लिहिलं. मग म्हणाली,
"सिस्टर उद्या तरीतून हय येतली.
कुपी फोडली काय धा माणसां व्हयी.
ह्या बाजूक नऊच हत."

एवढंच. मी दहावा.
क्षमा वगैरे काही नव्हती त्यात,
कुपी वाया जायला नको होती.
तरी रात्रभर मला झोप नाही.

शाळेच्या पडवीत निळी पेटी, बर्फाचं पाणी ठिबकतंय.
बायो म्हातारी गुडघे धरून, भिकू तांडेल काठीवर,
आणि माझ्या पुढे-मागे सहा फुटांपेक्षा थोडं जास्तच अंतर.
सिस्टर घाटावरची, तिला काही ठाऊक नव्हतं.
ओळखपत्र म्हणून मी पॅरोलचा कागद दिला.
तिने वाचला. पुन्हा वाचला. नंबर उतरवून घेतला.
"दंड पुढे करा, आजोबा."

कोर्टातही हाच शब्द होता.
जन्मठेप, आणि पाच हजार दंड.
तो भरायला होडी विकली.
हा मी बाही वर करून दिला.
फुकट, कातडी लोंबलेला.

"दुसरा चौऱ्याऐंशी दिवसांनी."
माझे एकोणीस उरलेत.
तिने तारीख चिठ्ठीवर लिहिली,
ठिकाणाची ओळ कोरी ठेवली.

"अर्धा तास इथेच बसा. उठायचं नाही."
सवय आहे, मी म्हटलं.
बाकाच्या दुसऱ्या टोकाला दर्शना बसली,
माझं काही होतंय का ते बघायला;
तेही तिच्याच कामात येतं.
खाडीत भरती चढत होती.
ती घड्याळ बघत होती, मी तिचे पाय,
बाबलासारखेच, अंगठा बाहेर वळलेला.

"झालो अर्धो तास," ती म्हणाली.
"जावा आता."