तेरावं

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, मासळीच्या गोदामावरच्या खोलीत
मी टपालबोटीचा प्रोग्रॅम सांभाळते.
बोट लहान. बारा आसनं, तळाला नटबोल्टांनी आवळलेली.
म्हणून माझ्याआधीच्या माणसानं अ‍ॅरे घेतला:
बारा घरं, शून्यापासून अकरापर्यंत,
एकदा बांधली की बांधली.
वाढवायची तर मोडून दुसरी बांधा.

जानेवारीत त्यात नावं भरली,
दर मंगळवारी बेटावरून येणारी माणसं.
सातव्या घरात हानुस.
(सातवं घर म्हणजे आठवं आसन. याकुप कप्तानाला
हे अजून पटलेलं नाही. "शून्यावर कोण बसतं गं?" विचारतो.
शून्यावर त्याचीच सासू बसते.)

मार्चमध्ये हानुस गेला.
अ‍ॅरेची यादी मी आधीच करून ठेवली होती,
एका ओळीत, अ‍ॅज-लिस्ट म्हणून.
यादी हाताळायला बरी. अमका आहे का विचारलं
की हो-नाही सांगते.
तिच्या सातव्या घरात एल्स्पाचं नाव लिहिलं
आणि कॉफी करायला उठले.

महिन्याभरानं मूळ अ‍ॅरे उघडला.
तिथंही एल्स्पा.
त्याला तर मी हातसुद्धा लावला नव्हता!
यादी वेगळी नव्हतीच.
तीच खोली, फक्त दुसरं दार काढलेलं.
इकडून पुसलं की तिकडचं पुसलं जातं,
आणि हानुस दोन्ही दारांनी बाहेर गेला होता.

वजनांनी तर चक्क थट्टा केली.
बारा जणांची वजनं, साधे आकडे,
त्यांची यादी करून विचारलं, किती?
म्हणाली, एक.
गाठोडं न सोडताच
तिनं गाठोडं मोजलं होतं.
हवामान खातंही आम्हाला असंच मोजतं.

काल रात्री मार्युनचा निरोप आला:
इस्पितळातून सुटले, उद्याच्या बोटीनं घरी.
बाळ मांडीवर असेल, आसन लागणार नाही.
याकुप फोनवर म्हणाला, "आसन नको. यादीत मात्र घाल.
बोट उलटली तर किती जण शोधायचे
ते मला आधी ठाऊक हवं."

मी अ‍ॅड म्हटलं.
पडदा लालभडक: ही क्रिया इथं चालत नाही.
म्हणवून घेते यादी, आणि एक जीव वाढवता येईना.
नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

मग लिस्ट-ऑफ. ती तर शिळाच,
घडताना जे असेल तेवढंच.
म्हणून घडवतानाच तेरावं द्यायला गेले.
पण बाळाचं नाव काय?
नाव रविवारी ठेवणार, चर्चमध्ये.
तोवर नल.
नल दिसताच ती जागच्या जागी कोसळली.
बिननावाचं तिला उंबऱ्यातही चालत नाही.

रात्रीचा एक. खाली बर्फाचं यंत्र घरघरत होतं.
न्यू अ‍ॅरेलिस्ट, कंसात जुनी यादी.
एवढंच करायचं होतं, आणि मी ते मार्चमध्ये केलं नाही.
माणसं तीच, घरं नवी,
भिंती सरकणाऱ्या.
अ‍ॅड नल.
तिनं काही विचारलं नाही. घेतलं.
आकार: तेरा.

मग याकुपच्या वहीतून पाहून,
ओल्या, मिठानं कडक झालेल्या पानावरून,
मूळ अ‍ॅरेच्या सातव्या घरात
हानुसला परत लिहिलं.
नवी यादी तपासली. तिथं एल्स्पा तशीच,
कुणी कुणाला ढकललं नव्हतं.

सकाळी धक्क्यावर गेले. एरवी जात नाही.
याकुप बोटानं मोजत होता, कागद वाऱ्यात दाबून धरत.
शून्यावरची सासू त्याला घाई करत होती.
नावेत सगळी नावं चढली.
शेवटच्या घरात काहीच लिहिलेलं नव्हतं,
आणि ते काहीच नसलेलं
इंजिनाच्या वर आवाज चढवून
रडत होतं.