खिळा

घरात आमच्या कवळ्या बनतात.
माझगावला, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी
गुलाबी मेणात मी दात रोवतो एकेक,
ओळीत, पण किंचित वाकडे;
फार सरळ दात खोटे दिसतात.

अशा घरात हा आला.
टेरियर. वजन साडेसहा किलो,
त्यातला चार किलो नुसता आवाज.
हर्मन परेराला बोटीवर नोकरी लागली तेव्हा म्हणाला,
अंकल, दोन महिने सांभाळा.
त्याला आता चार वर्षं झाली.
अधूनमधून कुठल्याशा बंदरातून मेसेज येतो: कसा आहे?
मी झोपलेल्याचा फोटो पाठवतो.
जागेपणीचा अजून कुणाला काढता आलेला नाही.

नाव होतं ब्रूनो.
विभावरीनं आठवड्यात बदललं.
जिथे पाय टाकावा तिथे हाच,
म्हणून खिळा.

आधीचे रहिवासी वेगळ्या स्वभावाचे.
वहिनी, एका कानाची मांजर,
फ्रिजवर राहते, तिथूनच कारभार बघते.
दिगंबर ससा.
गोदीकडून येणाऱ्या घुशीला अंगावर घेणारा खिळा
दिगंबरने मागचा पाय आपटला की
सोफ्याखाली जातो आणि तिथून भुंकतो.
शिवाय टाकीत गप्पी मासे, सोमवार ते रविवार.
गुरुवार श्रावणात गेला.
तेव्हापासून आमचा आठवडा सहा दिवसांचा.

हां, तर तळपदेकाकांची कवळी.
वरची. नातीचं लग्न दुसऱ्या दिवशी,
काका चहाला टेकलेले,
आणि मी पॉलिश करून टेबलावर ठेवलेली वस्तू
टेबलावर नव्हती.

दाताच्या कण्या केल्या मी त्या कुत्र्यापुढे.
बिस्कीट दाखवलं. चिकन दाखवलं.
तो दारात उभा राहून जिन्यावर भुंकत होता,
जणू चोर आत्ताच खाली पळाला.
विभावरीनं गाद्या उलटल्या, पिठाचा डबा उपसला,
शेजारच्या रुख्सानाबी बॅटरी घेऊन आल्या
आणि कपाटामागे त्यांना सापडली
माझी तीन वर्षांपूर्वीची चप्पल, डावी.

कवळी दिगंबरच्या गवतात होती.
भीत भीत, रात्रीच्या रात्री का होईना,
खिळ्यानं तिथवर जाऊन ती ठेवली होती.
लाच असावी. किंवा नैवेद्य.
दिगंबर तिच्याशेजारी बसून गाजर खात होता,
दोघांचे दात शेजारी शेजारी.

मी धुऊन, उकळून, शरमून पुढे केली.
उजव्या सुळ्याच्या वर, गुलाबी हिरडीत
दोन बारीक खड्डे.
म्हटलं, काका, दहा मिनिटं द्या, बुजवतो.
काकांनी चष्म्यातून पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं,
आणि बोळक्या तोंडानं म्हणाले,
आधी त्याला बशते का बघा.
मग जे हसायला लागले ते थांबेचनात,
खिळा त्यांच्या मांडीवर चढून
ते रिकामं तोंड आतून तपासू लागला.

खड्डे बुजवू दिले नाहीत.
ऐकलं की लग्नात, जेवणाच्या पंगतीत,
कवळी काढून व्याह्यांना दाखवली.
नात अजून बोलत नाही त्यांच्याशी.

आता रात्री काम करताना
तो स्टुलाखाली माझ्या पावलावर हनुवटी टेकतो.
पायाला मुंग्या येतात. हलवत नाही.
वहिनी फ्रिजवरून एक पाय खाली सोडते,
टाकीचा पंप बुडबुड करतो,
बंदरातलं एखादं जहाज लांब भोंगा देतं
आणि त्याचा एक कान उभा राहतो, झोपेतच.

विभावरी विचारते,
हर्मन परत आला तर?
मी मेण तापवत राहतो.
माझीच दातखिळी बसते.

मग लक्षात येतं, पावलावर हनुवटी नाही.
खाली कुणीतरी काहीतरी
कुडुमकुडुम चावतंय.
बघायला हवं.